टेबलाची खालची बाजू

वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, ‘तुमचं घर कोणत्या राज्यात? घटस्फोटाचा अर्ज तिथंच करायचा.’ वेंडेल म्हणाला, ओहायो. मी म्हणाले, टेक्सास. ‘फौजेतली जोडपी सगळी अशीच!’ बाई हसल्या. आज सामानाची वाटणी होती. जेवणाचं टेबल माझ्या वाट्याला आलं. पाय काढायला वेंडेलनं ते उलटं केलं आणि आम्ही दोघंही तिथंच बसलो. तळाला प्रत्येक बदलीला हमालांनी चिकटवलेले रंगीत स्टिकर होते. ‘हिरवा अलास्काचा,’ वेंडेल म्हणाला. ‘तिथं तू टर्की करपवलीस.’ ‘पिवळा जर्मनीचा. तू लढाईवर होतास, टेबल मी एकटीनं जोडलं.’ स्वतःचं घर झालं की सगळे खरवडून काढू, असं दरवेळी ठरायचं. त्यानं खिशातला चाकू उघडला. ‘आता तुझं स्वतःचं घर झालंय. काढू?’ ‘राहू देत,’ मी म्हणाले. ‘वकीलबाई विचारत होत्या ना, घर कुठंय?’