नागमोडी रेघ

स्पॅनिशमध्ये पेन्या म्हणजे खडक. त्यातल्या ‘एन’ अक्षरावरची नागमोडी रेघ गळाली, की होतं पेना, म्हणजे दुःख. बातमीदार मरिसेला पेन्याने लिहिलेल्या बातम्यांवर इंग्रजी पेपर वर्षानुवर्षं ‘पेना’च छापत आला. तिचे वडील एलिसेओ लेट्यूसच्या शेतावरून आले, की आधी पेपरातल्या तिच्या नावावर पेन्सिलीने ती रेघ काढायचे. कापणीची सुरी धरून वाकलेल्या बोटामुळे ती डावीकडे कलंडायची. “आले मोठे संपादक,” बायको कॉफी ओतत म्हणायची. “खडकाची पोर आहे ती,” ते म्हणायचे. “रडकं नाव कशाला लावेल?” आज मरिसेलाने पहिली कादंबरी टेबलावर ठेवली, तसा त्यांचा हात सवयीने पेन्सिलीकडे गेला. “राहू दे, पापा. आहे ती.” मुखपृष्ठावर आडनावावरची रेघ सोनेरी होती, आणि डावीकडे कलंडलेली. “तुझीच. जुन्या पेपरवरून उचलली,” मरिसेला म्हणाली. बायकोने कॉफीचं भांडं खाली ठेवलं. एलिसेओंनी चर्चमध्ये काढतात तशी टोपी काढली.