भूतकाळाचा सराव

"येस्टरडे आय गो टू मार्केट," वेईने वाचलं.

"वेन्ट," गुणवंत म्हणाला. "काल झालं ना? मग वेन्ट."

वेई लान ओशाळून हसली आणि वहीत खाडाखोड केली. तिच्या चिनी भाषेत काल असो की उद्या, क्रियापद जागचं हलत नाही. इंग्रजीत ते क्षणोक्षणी कपडे बदलतं, आणि ती तिथेच ठेचकाळायची. उतारा वाचून उत्तरं लिहायची म्हटलं, की तिच्या कपाळाला आठ्या पडायच्या.

अमिरातीतल्या फुजैराच्या तेल टर्मिनलवर ती गुणवंतच्या हाताखाली होती. बढतीसाठी इंग्रजीची परीक्षा लागते म्हणून त्यानेच तिला घरी बोलावलं. दर शनिवारी सकाळी धडा, आणि पैशाचं नाव नाही. तो स्वतः मराठी शाळेतला. नोकरीला लागल्यावर धडपडत इंग्रजी शिकलेला. अडलेल्या माणसाची त्याला कणव यायची.

साधना वेईला जेवल्याशिवाय सोडत नसे. वेई चपला दाराबाहेर काढायची, एका हाताने पोळी मोडायची, पिठल्याबरोबर कांदा मागून घ्यायची.

"बघ, चीनची बाई शिकली," साधना आभाला म्हणायची. "आणि तुला अजून काटा-चमचा लागतो."

"मम्मा, प्लीज," एवढंच बोलून आभा पिशवी खांद्याला लावायची. "जाते मी."

"जाते नाही, येते म्हणावं. कितीदा सांगू?"

मग साधना नवऱ्याकडे वळायची. "अहो, गोळी घेतलीत का? आणि त्या टाकीच्या शिड्या चढू नका. डॉक्टरांनी काय सांगितलंय? हृदयात स्टेंट घातलाय, गंमत नाही."

"हळू बोल."

"कोणाला कळतंय इथे?"

गुणवंतलाही ते पटायचं. वेई मान खाली घालून भात कालवत असायची.

गेल्या सुट्टीत पुण्याला जाऊन गुणवंतने ते गुपचूप उरकलं होतं. ऑफिसात सांगितलं, पुतण्याचं लग्न. उंच टाक्यांवर चढायची नोकरी. कळलं असतं तर खलास. नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की आभाची बारावी मधेच लटकली. घराबाहेरच्या एकाच माणसाला ठाऊक होतं, टर्मिनलवरच्याच सुजीतला. दोघे एकाच विमानाने या देशात आले, एका खोलीत राहिले, एका स्टोव्हवर डाळ शिजवली. पुण्याच्या इस्पितळात रात्रभर बाकावर बसला होता तो सुजीतच.

एका शनिवारी गुणवंतने वेईला स्वतःबद्दल बोलायला लावलं. भूतकाळ पक्का व्हावा म्हणून.

"बिफोर फुजैरा, आय लिव्ह सिक्स इयर्स अदर कंट्री," ती म्हणाली.

"लिव्ह्ड."

"आय लिव्ह्ड. आय वर्क इन कार फॅक्टरी."

"वर्क्ड."

"वर्क्ड. नेबर आंटी व्हेरी गुड. शी गिव्ह मी फूड. शी स्कोल्ड मी ऑल्सो."

"गेव्ह. स्कोल्डेड," गुणवंत म्हणाला. "चला, पुढचा उतारा घ्या."

त्यानंतर थोड्याच दिवसांत टर्मिनलचे प्रमुख हम्मादसाहेब यांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. साहेब इथलेच, पण हिंदी झकास बोलायचे. चहा मागवला, दार लावून घेतलं.

"हबीबी, तबियत पहले. डॉक्टरने सीढ़ी मना की है, और तुम टँक पे चढ़ते हो?"

गुणवंतने कप खाली ठेवला. "किसने बताया, सर?"

"जिसने बताया, अच्छे के लिए बताया."

आभाची परीक्षा होईपर्यंत त्याला ठेवायचं, मग मोकळं करायचं असं ठरलं. त्याच्या जागेसाठी पहिलं नाव सुजीतचं होतं. दोन आणि दोन चार करायला गुणवंतला वेळ लागला नाही.

मराठी मंडळींच्या गणपतीची बैठक होती. सगळे बसलेले असताना गुणवंत उभा राहिला. "यंदा आरतीचं ताट सुजीतच्या हाती देऊ नका. या हाताने मित्राच्या पोटावर मारलंय."

"गुणवंता, मी?" सुजीत म्हणाला.

"मग काय भिंतींनी सांगितलं?"

सुजीतने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. कोणी वर बघेना. त्याने पायांत चपला घातल्या. त्या जागेसाठीचा अर्ज त्याने मागे घेतला आणि खोर फक्कानला बदली मागून निघून गेला. फोन उचलणं दोघांनीही सोडलं.

शेवटच्या शनिवारी घरभर खोकी होती. साधना आत भांडी कागदात गुंडाळत होती. वेई हिरव्या चहाचा डबा घेऊन आली.

"सर, आय पास्ड," ती म्हणाली. चूक एकही नाही. मग हळूच म्हणाली, "दे गेव्ह मी युवर पोझिशन."

गुणवंतने तिची पाठ थोपटली आणि आत वळून मराठीत ओरडला, "ऐकलंस का, माझी खुर्ची वेईला मिळाली. चला, सुजीतच्या घशात नाही गेली, एवढं तरी देवाने केलं."

वेई चहाच्या डब्यावरची अक्षरं बघत राहिली.

जेवण झालं. निरोप झाला. साधनाने डोळे पुसले, वेईच्या हातात लोणच्याची बाटली दिली आणि पुन्हा आत गेली. गुणवंत दारापर्यंत पोचवायला आला. वेई वाकून चपलांचे पट्टे लावत होती. तेवढ्यात आभा पिशवी उचलून तिच्या बाजूने बाहेर पडली.

"बाय पप्पा, जाते."

वेईने वरही न बघता, पट्टा ओढता ओढता म्हटलं, "जाते म्हणू नये गं, येते म्हणावं. चाकणच्या आमच्या काकू फार रागवायच्या."