मथुरेचा तांबा

"नायटा निघाला ना हरिश्चंद्रा, तर हिच्या तांब्याला तोंड लावून पाणी पिईन! हितंच, विहिरीवर, समद्या वाडीच्या देखत!" गळ्याभोवतीचा टॉवेल आवळत वाडीचा पुढारी रावजी ओरडला.

"आणि महारोग निघाला तर मी अर्धी मिशी भादरून लांज्याच्या बाजारात फिरेन," शेजारचा हरिश्चंद्र म्हणाला. "मिशी काय, परत येते. तू तुझी जीभ सांभाळ."

मथुरा विहिरीपासून दहा पावलांवर रिकामी कळशी घेऊन उभी होती. तिच्या दंडावर रुपयाएवढा पांढरट चट्टा, कडेनं लाल. तो दिसल्यापासून, म्हणजे गेला महिनाभर, तिला पोहऱ्याला हात लावायची बंदी. येसूबाई लांबूनच तिच्या कळशीत पाणी ओतायची, तेही उंचावरून धार धरून. पैज लागली तेव्हा मथुरेला कुणी विचारलं नाही. महारोग निघाला तर विहीर कायमची बंद आणि तिनं माहेरी चालतं व्हायचं, हेही रावजीनंच ठरवून टाकलं.

लांज्याला गुरुवारी चामडीचा डॉक्टर बसायचा. तिघं एस.टी.नं गेले. रावजी चार सीट पुढं जाऊन बसला, वर कंडक्टरला सांगितलं, "ती बाई आमच्यातली नाय."

डॉक्टरांनी चट्टा बघितला. कापसाची बारीक वात केली. "डोळे मिटा. कापूस लागेल तिथं बोट ठेवा."

महारोगाच्या चट्ट्याला स्पर्श कळत नाही, एवढं रावजीला ठाऊक होतं. मथुरेनं पाची वेळा बरोब्बर बोट ठेवलं.

"चोरून बघतेय!" रावजी म्हणाला.

"मग बांधू की डोळे!" हरिश्चंद्रानं त्याच्या गळ्यातल्या टॉवेलला हात घातला. रावजीनं तो दोन्ही मुठींत धरून ठेवला. "माझा नको! माझा टॉवेल हिच्या अंगाला नको!"

शेवटी मथुरेनंच पदर डोळ्यांवर गुंडाळला. सहाव्यांदाही बोट तिथंच.

"साधा नायटा आहे," डॉक्टर म्हणाले. "मधला पांढरा डाग रोगाचा नाही, भाजल्याचा आहे. काय लावलंत यावर?"

"काजूच्या टरफलाचं तेल."

"कातडी जाळून घेतलीत. कुठल्या शहाण्यानं सांगितलं?"

मथुरेनं नुसतं रावजीकडं बघितलं. रावजी भिंतीवरचं सत्त्याऐंशी सालचं कॅलेंडर वाचायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरिश्चंद्रानं घरोघर जाऊन आमंत्रणं केली. अक्षता तेवढ्या वाटल्या नाहीत. झाडून सगळी वाडी विहिरीवर जमली. मथुरेनं स्वतःच्या हातानं पोहरा ओढला, तांबा भरला.

रावजीनं ओंजळ पुढं केली.

"ओंजळ नाय," मथुरा म्हणाली. महिन्याभरात विहिरीवर ती पहिल्यांदाच बोलली. "तोंड लावून ठरलं होतं."

"पी रे मेल्या, तीर्थ समजून पी!" हरिश्चंद्र टाळ्या पिटत होता.

रावजीनं तांबा हिसकावला. एक शिवी हासडली आणि मान मागं टाकून घटाघटा प्यायला. टॉवेल सरकला, खाली पडला.

त्याच्या गळ्यावर, कॉलरच्या आत, रुपयाएवढा पांढरट चट्टा. कडेनं लाल.

टाळ्या थांबल्या. येसूबाईनं हळूच आपली कळशी मागं ओढली. तिच्या मागोमाग बाकीच्या बायांनीही.

"अगो, तेलानं भाजलंय ते," रावजी म्हणाला. "नायटाच हाय. डॉक्टर काय बोलला, तू ऐकलंस ना? सांग की गो मथुरा. सांग ना ह्यांना!"

मथुरेनं पदराच्या टोकात धरून त्याच्या हातातला तांबा काढून घेतला. खाली बसली. नारळाचं सोडण घेतलं, मूठभर राख घेतली आणि समद्यांच्या देखत तांबा घासायला लागली.