मधलं कपलिंग

जुनी हेराल्ड गाडी ठसकली, हादरली आणि पुन्हा बंद पडली. अयोध्या नगरातलं ते वीतभर अंगण काळ्या धुरानं भरलं. निर्मलाबाईंनी पदर नाकाला लावला आणि नवऱ्याकडे पाहिलं. नीळकंठराव उघड्या बॉनेटसमोर खुर्चीत बसले होते. अंगणात कोंडलेला धूर त्यांच्याही तोंडावर येत होता. खुर्ची तिथं संपदानंच आणून ठेवली होती, आणि निर्मलाबाईंच्या मते पोटच्या पोरीनं करावं असं ते काम नव्हतं.

पक्षाघातानंतर नीळकंठरावांच्या पायात बळ परतलं, उजव्या हातातही थोडी ताकद आली. वाचा तेवढी आली नाही. येईल, असं डॉक्टर म्हणाले होते, पण त्यांनी प्रयत्न करायला हवा. एम. पी. नगरातल्या वाचा-उपचारवाल्या बाई त्यांच्यापुढे चित्रं धरायच्या. पोपट, आंबा, छत्री. कारखान्यात टर्बाइनच्या चाचण्या घेण्यात ज्यांची हयात गेली, त्या माणसानं पोपट पाहून मान फिरवली ती फिरवलीच. आता ते तोंडसुद्धा उघडत नसत. त्यांना चहा हवा, त्यांना पंखा नको, हे सगळं निर्मलाबाईच बोलत. अशानं उरलीसुरली वाचाही जाईल, अशी तंबी डॉक्टरांनी मागच्या खेपेला दिली होती.

गाडी हा त्यांचा जीव. कंपनीनं दिलेला एक कार्बोरेटर काढून त्यांनी तिला हौसेनं दोन बसवले होते. दोघांनी हवा सारखीच ओढायला हवी, नाहीतर इंजिन लंगडतं. त्यासाठी ते रबरी नळीचं एक टोक कानाला लावत, दुसरं आळीपाळीनं दोन्ही कार्बोरेटरच्या तोंडाशी धरत आणि हवेची सरसर ऐकत. आधी काय सोडायचं, मग काय पिळायचं, शेवटी काय आवळायचं, हा क्रम संपदाला शाळेत असल्यापासून पाठ होता. आता ती पुण्यात इंजिनांच्याच कारखान्यात नोकरीला होती, रजेवर घरी आली होती. आणि तिला हे जमत नव्हतं.

"बिटिया, रहने दो!" कुंपणावरून शेजारचे दुबेजी ओरडले. "इंजीनियरी कागज पर ही अच्छी लगती है. कबाड़ी का नंबर दूँ?"

"बस हो गया, अंकल," असं म्हणत संपदानं पुढच्या कार्बोरेटरचा स्क्रू आणखी पिळला आणि चावी फिरवली. इंजिन धडधडत, खोकत सुरू झालं. संपदा बघत होती बापाकडे. तिला लाज वाटत असणार, असं निर्मलाबाईंना वाटलं.

नीळकंठरावांच्या कपाळाची शीर फुगली होती. डाव्या हातानं त्यांनी खुर्चीचा दांडा घट्ट धरला होता. ओठ थरथरत होते.

"संपदा, पुरे. त्रास होतोय त्यांना."

"होऊ दे."

"होऊ दे? अगं, काही काळीज आहे की नाही तुला?"

संपदानं मागचा स्क्रूही पिळला. इंजिनानं एक जोराचा फटाका फोडला. निर्मलाबाई तरातरा गाडीशी गेल्या, खिडकीतून हात घातला आणि चावी फिरवून इंजिन बंद केलं.

"गधडे!"

निर्मलाबाईंचा हात चावीवरच राहिला. आवाज घोगरा होता, पण त्यांनी तो जन्मभर ऐकला होता.

"काय चुकलं, बाबा?" संपदानं शांतपणे विचारलं.

"सोड. आधी... ते सोड." त्यांचं बोट इंजिनावर रोखलं होतं.

"कुठलं? हे?" तिनं भलत्याच बोल्टवर पाना ठेवला.

"अगं, ते मधलं दाखवतायत ना—" निर्मलाबाईंनी तोंड उघडलं.

"आई, तू नको सांगूस."

नीळकंठरावांनी पाय आपटला. शब्द ओठांशी येत होता आणि परत जात होता. "ते... ते... मधलं... क... कपलिंग! कपलिंग सोड!"

कुंपणावर दुबेजींचा आ वासला होता.

दोन कार्बोरेटर जोडणारं ते कपलिंग संपदानं सैल केलं. इंजिन पुन्हा सुरू झालं. नीळकंठरावांनी नळी मागून घेतली, कानाला लावली आणि डोळे मिटले. "पुढचा... कमी." तिनं कमी केला. "अजून." तिनं अजून केला. "मागचा... वाढव. हळू, हळू! बस." एकेक शब्द जड होता, पण प्रत्येक हुकूम होता. लंगडणारं इंजिन सावरलं आणि एका लयीत घुमू लागलं. "आता... आवळ," असं म्हणून ते खुर्चीत मागे टेकले. गड सर केल्यासारखा त्यांचा चेहरा फुलला होता.

"चहा ठेवते. त्यांना आलं घालून—" निर्मलाबाई सवयीनं म्हणाल्या.

"साखर," नीळकंठराव म्हणाले. "साखर... घाल. फिकं... पाणी... नको."

निर्मलाबाई हसल्या आणि हसता हसता रडू लागल्या. त्यांनी संपदाचा ग्रीस लागलेला हात दोन्ही हातांत धरला. "देवाचीच कृपा गं, तुला हे जमलं नाही."

"जमलं होतं, आई," संपदा हलकेच म्हणाली. "सकाळी तुम्ही व्यायामाला गेलात, तेव्हाच गाडी नीट करून झाली होती. बाबांना बघवणार नाही इतकी बिघडवताना मात्र घाम निघाला."