अकराव्या भागातले चार सेकंद

"थांबवा! इथंच थांबवा."

प्रूफवाल्या काकांनी रिमोट दाबला. पडद्यावर बस स्टँड गोठला. इन्स्पेक्टर पायऱ्या उतरत होता, आणि त्याच्या मागून एक तरुण पाठमोरा चालला होता.

"हा प्रसंग कधी शूट केला असेल, सांगता येईल का?" सिस्टरनं विचारलं.

खोलीतले पाचही जण वळून तिच्याकडे बघायला लागले. ती तीन रविवार दुपारी येत होती, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसत होती आणि अवाक्षर बोलत नव्हती. मोठ्या दवाखान्यात नर्स आहे, एवढंच त्यांना माहीत होतं. तशी इथं कुणी कुणाची फारशी चौकशी करत नसे. चौदा वर्षांपूर्वी अर्ध्यात बंद पडलेली एक रहस्य मालिका, तिचे सव्वीस भाग आणि न सापडलेला खुनी, एवढ्यावर ही माणसं एकत्र यायची. काकांचा जन्म छापखान्यात चुका शोधण्यात गेला होता. आता ते मालिकेतल्या चुका शोधत आणि वहीत उतरवत.

"तारीख हवीय तुम्हाला?" काका हरखले. इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"एप्रिलच्या आधीचं की नंतरचं, एवढंच."

तिचा धाकटा भाऊ एप्रिलमध्ये एका सकाळी चपला घालून घराबाहेर पडला, तो परतलाच नाही. पोलीस झाले, फोटो छापून झाले. मग नोव्हेंबरमध्ये टीव्हीवर हा भाग लागला आणि ती किंचाळली. खांदे, मान, डावा हात न हलवता चालण्याची ती ढब. तोच होता. म्हणजे कुठंतरी होता, चालत होता. मालिका काढणारी कंपनी केव्हाच गुंडाळली गेली होती. तिनं धाडलेली पत्रं तशीच परत आली. ती सुट्ट्या काढून गावोगावचे बस स्टँड बघत हिंडली. एकही जुळला नाही. पण ते चार सेकंद होते. आई आणि ती, दोघी त्या चार सेकंदांवर जगत होत्या.

हे तिनं खोलीत कुणाला सांगितलं नव्हतं.

काकांनी प्रसंग मागे नेला, पुन्हा लावला. पुन्हा मागे नेला. मग ते एकदम उठून उभेच राहिले.

"अरे, आपण आंधळे आहोत सगळे! इन्स्पेक्टरचे पाय बघा. दोन-दोन पायऱ्या सोडून उतरतोय."

"तेच तर मी म्हणतो," एक जण म्हणाला. वाद घालण्याच्या खोडीमुळं सगळे त्याला वकील म्हणत. "नवव्या भागापासून तो लंगडतो आणि अकराव्यात धावतो. म्हणजे लंगडणं सोंग आहे. खुनी तोच!"

"सोंग कसलं डोंबलाचं! फेब्रुवारीत शूटिंगमध्ये त्या नटाचा गुडघा फुटला. तेव्हा पेपरात आलं होतं, कात्रण आहे माझ्याकडे. तो पुढं कायमचा लंगडा झाला, म्हणून लेखकानं लंगडणं कथेतच घेतलं. हा प्रसंग आधीच घेऊन ठेवलेला होता, तो अकराव्यात चिकटवला. सिस्टर, हे शूटिंग फेब्रुवारीच्या आधीचं. जानेवारीचं म्हणा."

"नक्की?"

"शंभर टक्के. वाटलं तर तुम्हीच बघा, तुम्ही तर दवाखान्यातल्या जाणकार."

तिनं बघितलं. पाय धडधाकट होते. शिकाऊ नर्सलाही कळलं असतं. पण चौदा वर्षांत तिनं पुढच्या माणसाकडं कधी बघितलंच नव्हतं.

खोलीत एकच गलका झाला. वकिलानं कान पकडले. एवढं जुनं भांडण एका प्रश्नात मिटलं म्हणून कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. काकांनी वही उघडून तिच्यापुढं धरली. "ही नोंद तुमच्या नावानं. शोधून काढलंत तुम्ही."

"तुमचंच नाव घाला," ती म्हणाली. आभार मानले, पर्स उचलली आणि निघाली.

घरापर्यंतचा रस्ता तिनं पायी कापला. आईला काय सांगायचं? गेल्या वर्षीच आईच्या हृदयाचं दुखणं निघालं होतं. दाराशी येईपर्यंत तिनं वाक्य जुळवलं, दोनदा मनात म्हणून बघितलं.

आई खिडकीपाशी बसून उशीचा अभ्रा शिवत होती. उन्हं अजून उतरली नव्हती.

"काय म्हणाली ती माणसं?"

"नंतरचंच आहे म्हणाले. जून-जुलैचं. खात्रीनं सांगितलं."

आईनं सुई अभ्र्यात टोचून ठेवली. लेकीच्या तोंडाकडं थोडा वेळ बघत राहिली.

"बस इथं. खोटं बोलायला तुला लहानपणीही जमत नव्हतं."

"आई, खरंच—"

"तू तेव्हा ट्रेनिंगला होस्टेलवर होतीस. जानेवारीत तो लांब कुठं नोकरीच्या मुलाखतीला गेला होता. नोकरी काही मिळाली नाही. पण आल्यावर हसून हसून सांगत होता, आई, स्टँडवर शूटिंग चाललं होतं आणि मी मधूनच चालत गेलो, कुणी हटकलंसुद्धा नाही."

बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करायला बघत होतं. ती काही सुरू होत नव्हती.

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"चौदा वर्षं मी स्टँड धुंडाळतेय, आई. आणि तू माझ्या शेजारी बसून म्हणायचीस, हो गं, त्याचीच पाठ. बोलली का नाहीस?"

"एप्रिलपासून तू भिंतीकडं तोंड करून पडून होतीस. हाडं राहिली होती नुसती," आई म्हणाली. "तो टीव्हीवर दिसला आणि त्या दिवशी तू उठून स्वतःच्या हातानं ताट वाढून घेतलंस. मी काय बोलणार होते?"