वाफ्यातली पावलं

"ही पावलं कोनाची?" दाजी मुकादम कोरड्या बांधावरून गरजला आणि मालूनं परकर खाली ओढून पावलं झाकली.

पनवेलच्या खाडीकाठचं ते मिठागर. अख्खं गाव पायांनी तुडवतं, तेव्हा कुठे वाफ्याची जमीन तव्यासारखी होते. मग खाडीचं पाणी सोडेपर्यंत तिच्यात कुणी पाय घालायचा नाही. घातला, तर त्या घराचं काम बंद. आणि काल संध्याकाळी हौसा नि भामा म्हणाल्या, "तुज्यात हिंमत नाय," तेवढ्यावर मालू वाफ्यातून आरपार पळाली होती! मैत्रिणींत मिरवायची हौस, दुसरं काय?

"खाडीत घसरले," घरी तिनं आईला ठोकून दिलं. खोटं बोललं की थोबाडीत देणारी गंगाबाई. पण काल तिनं गुपचूप लेकीचे पाय धुतले. सकाळी मालू उठली तेव्हा आई चुलीपाशी नव्हती.

हौसानं कोपरानं ढोसलं. तिघींचं ठरलेलं मालू बोलून गेली, "देवी आलती. हिरवं लुगडं नेसून. आमी पाह्यली."

"व्हय, व्हय," भामानं री ओढली.

"देवी? बगू तर." दाजी वाफ्याच्या कडेला गेला.

मालूला आता कुठे आठवलं. लहानपणी फावड्याखाली तिच्या डाव्या पायाची करंगळी गेलेली, गावाला ठाऊक होतं. चार बोटांची देवी! मेली ही गोष्ट सुचली कशी नाही? बाप अंथरुणाला खिळलेला, त्यात रेशनचे दिवस. आईचं काम गेलं तर खायचं काय?

दाजी वाकला. बराच वेळ वाकूनच राहिला. मग त्यानं मुंडासं काढलं आणि हात जोडले.

मालूनं भीत भीत पाहिलं. डाव्या पावलाला पाच बोटं. पुढच्यालाही पाच! पावलं तिच्याच वाटेनं गेलेली, पण चांगली भरलेली, बाईमाणसाची. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. आई गं, खरंच आली होती! आपलं खोटं देवीनं खरं केलं. तिचे डोळे भरून आले.

बायांची रीघ लागली. सगळ्यांत पुढे गंगाबाई. तिनं काठावरूनच कुंकू वाहिलं आणि गुडघे टेकून डोकं ठेवलं.

मालू भारावून तिच्यामागे वाकली. समोर आईच्या टाचा होत्या, आणि टाचांच्या भेगांत वाफ्यातला काळा चिखल, अजून ओला.