सहावं नाव

चावडीच्या भिंतीवर लावलेली यादी कोंडाजीनं दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचली ती आधी चुकून भलतंच वाचलं असेल या आशेनं. पण नावं तीच होती. पहिलं लक्ष्मणराव पाटलाचं. त्याखाली पाटलाचा चुलतभाऊ, मग पाटलाचा व्याही, मग माजी सरपंच, आणि शेवटी त्या माजी सरपंचाचा मेव्हणा.

"पाच माणसं, आन् चूल एकच," कोंडाजी भिंतीलाच म्हणाला.

याच पाच जणांच्या हातून गाव सोडवायचं म्हणून महिन्यापूर्वी ज्योतीरामला सरपंच केला होता. कोंडाजीनं त्याच्यासाठी वस्त्यावस्त्यांवर चपला झिजवल्या होत्या. 'नवा सरपंच, नवा कारभार' असं गेरूनं भिंतींवर लिहिलं होतं. ती अक्षरं अजून पुसली नव्हती, आणि पहिलीच कमिटी नेमायची वेळ आली तर या गड्यानं जुनीच खोडं उचलून आणली. अशा माणसाला काय म्हणावं?

बरं, कमिटीही साधीसुधी नव्हती. पिंपरीला कारखाने उभे राहत होते आणि त्यातला एक आता पवनेच्या काठानं या गावाच्या शिवारात येणार होता. त्याला साठ एकर जमीन हवी होती, पाण्यासाठी नदीकडून सुरुवात करून. कुणाची घ्यायची ते गावानं कमिटी नेमून आणि सभेत ठराव करून सांगावं, असं मामलेदारसाहेब म्हणाले होते. नदीकडची दीडशे एकर या पाच जणांचीच. पण पाण्याला सगळ्यात जवळ होता तो कोंडाजीचा तीन एकरांचा पेरूचा मळा. त्याच्याकडं तेवढंच होतं.

"ह्ये पाच जण सवताची जमीन देतील व्हय?" घरी येऊन तो बायकोला म्हणाला. "आपलाच मळा दावतील."

गोजाबाई पाटीत पेरू भरत होती. "मग ज्योतीरामाला इचारा की. तुमचा दोस्त हाय."

"दोस्त हाय तर मला आधी सांगाया काय झालं हुतं?"

"तुमाला सांगायचं म्हंजी गावात दवंडी द्यायची," ती म्हणाली. "तुमच्या तोंडात तीळ भिजत न्हाई."

घरचं माणूसही असं बोलतं म्हटल्यावर कोंडाजी आणखीच तापला आणि तसाच ज्योतीरामच्या घरी गेला. नवा सरपंच ओट्यावर सायकलचं पंक्चर काढत बसला होता.

"यादी वाचलीस जणू," ज्योतीराम म्हणाला.

"वाचली. भिंतीवरचा गेरू पुसाया कवा येऊ, तेवढं सांग."

ज्योतीराम हसला नाही. "सभा परवा हाय. दोन दिस दम धर."

"दम धरून मळा जाऊ दिऊ?"

"तुझा मळा जायाचा न्हाई."

"कशावरनं?"

ज्योतीरामनं ट्यूब पाण्यात बुडवली आणि बुडबुडे बघत राहिला. "मी सांगतो म्हणून. तू त्या कमिटीपासनं लांबच बरा."

एवढं ऐकल्यावर मात्र कोंडाजीचं डोकं फिरलं. मतं मागायला जवळचा आणि मानाच्या वेळी लांबचा. त्यानं पुढचे दोन दिवस गाव पालथं घातलं. ज्या घरांत मतं मागितली होती त्याच घरांत जाऊन सांगितलं, सरपंच पाटलानं खिशात घातला, आता कमिटीत आपला एक तरी माणूस पाहिजे. लोकांना ते लगेच पटलं. लोक वैतागलेलेच होते. कारभारी बदलतो आणि कारभार तोच राहतो, हे त्यांना काय नवं होतं?

सभा देवळापुढं भरली. मामलेदारसाहेब कारकुनाला घेऊन आले होते. पाचही जणांना हार घातले गेले आणि लक्ष्मणराव बोलायला उठले. देश नवा आहे, देशाला कारखाने हवेत, ज्याच्या वाट्याला त्याग येईल त्यानं कुरकुर करू नये, असं ते म्हणाले. म्हणताना त्यांची नजर मागं बसलेल्या लहान शेतकऱ्यांवर होती.

कोंडाजी उभा राहिला. "आमचं एक नाव घाला."

मागून पन्नास-साठ आवाज आले, "घाला, कोंडाजीचं नाव घाला."

"कोंडाजी, खाली बस," ज्योतीराम म्हणाला. "पाच पुरं हायेत."

"पाटलाला पुरं हायेत. आमाला न्हाईत."

"घ्या हो सरपंच," लक्ष्मणराव हसत म्हणाले. "बसू दे एका कोपऱ्यात."

ज्योतीराम कोंडाजीकडं बघत राहिला. गलका थांबेना, तेव्हा त्यानं यादीत सहावं नाव लिहिलं. हार पाचच आणले होते, म्हणून कुणीतरी देवापुढचा आणून कोंडाजीला घातला. बायकांत बसलेली गोजाबाई पदर सावरून ताठ बसली.

ज्योतीरामनं खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्याचा आवाज खाली आला होता.

"लक्ष्मणराव आत्ता काय म्हणाले ते समद्यांनी ऐकलं. तवा ठराव असा, की कारखान्याला आधी कमिटीतल्या माणसांनी आपली जमीन द्यावी. त्यांची पुरली न्हाई, तरच बाकीच्या गावाची घ्यावी."

क्षणभर कुणाला उमगलंच नाही. मग मागल्या रांगेतून हसू फुटलं आणि हात भराभर वर जाऊ लागले. लक्ष्मणरावांनी गळ्यातल्या हाराला हात घातला, पण साऱ्या गावानं ऐकलेलं भाषण काही त्यांना परत घेता येईना.

कोंडाजीला सगळं एकदम कळलं. ही खोडं ज्योतीरामनं का वेचून आणली आणि आपल्याला आधी का सांगितलं नाही, दोन्ही कळलं. पाटलाचं पडलेलं तोंड बघून त्याला इतका आनंद झाला की त्यानं दोन्ही हात वर केले. ज्योतीराम मात्र मान खाली घालून उभा होता.

कारकुनानं हात मोजले, ठराव मंजूर असं लिहिलं, नवं पान उघडलं आणि तो कोंडाजीकडं वळला.

"नदीकडून सुरुवात करायची आहे, तेव्हा पहिला मळा तुमचाच," तो म्हणाला. "सर्व्हे नंबर सांगा."